घरातली खाज आणि दुकानातली ट्यूब

पाऊस उघडून ऊन तापू लागले, की वैजापूरच्या औषध दुकानांत एक वाक्य दिवसभर कानावर पडते. "भाऊ, खाजेची ट्यूब द्या." आजाराचे नाव घेणारा सांगत नाही आणि देणारा विचारत नाही. बाईमाणसाला तर जागा सांगायचीच शरम वाटते, म्हणून ती दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात पन्नासची नोट देऊन त्याला पिटाळते. पोरगा ट्यूब घेऊन येतो. तीन दिवसांत खाज थांबते आणि सगळे घर म्हणते, औषध भारी आहे.

आम्हीही तसेच म्हणालो होतो. आमचे घर नऊ माणसांचे, दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि अंगणात कपड्यांची एक दोरी. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावजयीला कमरेवर, नाडी बांधतो त्या पट्ट्यात, गोल चकंदळ उठले. कडा लाल व खवल्यांची, आत कातडी बरीचशी साफ. गावात त्याला कोणी नायटा म्हणते, कोणी गजकर्ण, आमच्या अम्मी दाद म्हणतात. ट्यूब आणली, लावली, खाज गेली, ट्यूब ताकावर टाकली. पंधरा दिवसांनी चकंदळ परत आले आणि आता ते एकाऐवजी तीन होते. दुकानातून "जरा कडक" ट्यूब आली. नंतर अम्मींच्या छातीखालच्या घडीत उठले, भावाच्या जांघेत उठले. शेवटी तीन वर्षांच्या पुतणीच्या गालावर उठले. तिला आईच कडेवर घेत होती, त्यामुळे ते कुठून आले हे वेगळे सांगायला नको.

ट्यूब मात्र सगळ्यांना तीच. आठ महिने हे चालले. पुढे भावजयीच्या मांडीच्या वरच्या भागात जांभळट रेघा दिसू लागल्या, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा. तिने त्या कोणाला दाखवल्या नाहीत. आमची मोठी आपा संभाजीनगरहून ईदला आली तेव्हा तिच्याजवळ ती रडली. आपाने दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर बाई होत्या, म्हणून भावजय तयार झाली. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ट्यूबविषयी. आपाने हुशारीने घरातल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून आणल्या होत्या. सात निघाल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर मांडल्या, चष्मा लावून एकेकीवरची बारीक अक्षरे वाचली आणि त्यातल्या सहा एका बाजूला सारल्या. "या सहांनी तुमचा नायटा पोसला," त्या म्हणाल्या.

हे आम्हाला तेव्हा कोड्यासारखे वाटले होते. खाज थांबवणारे औषध खाज वाढवील कसे? पण गणित साधे आहे. नायटा ही बुरशी आहे. तिचे खाणे म्हणजे केराटिन, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात, केसांत आणि नखांत असते ते. घाम, ऊब आणि घट्ट कपडा मिळाला की ती फोफावते. शरीराला तिची चाहूल लागली की ते तिच्याशी भांडते आणि त्या भांडणामुळे कातडी लाल होते, सुजते, खाजते. म्हणजे खाज ही बुरशीची नव्हे, आपल्या अंगाच्या पहारेकऱ्याची आरोळी. त्या सहा ट्यूबांत बुरशी मारणारे औषध थोडे होतेच, पण त्याच्या जोडीला एक कडक स्टेरॉईड होते, आणि वर जंतू मारणारे आणखी एखादे. स्टेरॉईड पहारेकऱ्याला झोपवते. तिसऱ्या दिवशी आरोळी थांबते, घरचे खूश होतात आणि चोर घरभर मोकळा फिरतो. ट्यूब बंद केली की पहारेकरी जागा होतो, तेव्हा चोराने तीन खोल्या व्यापलेल्या असतात. अशा नायट्याचे रूपही बदलते. कडा पुसट होते, कधी एका कड्याच्या आत दुसरे कडे उमटते, आणि मग साध्या डॉक्टरलाही तो चटकन ओळखू येत नाही.

स्टेरॉईड हे वाईट औषध आहे असे आमचे म्हणणे नाही. इसब, सोरायसिस, काही ॲलर्जी यांत ते मोलाचे आहे. पण कोणते, किती कडक, शरीराच्या कोणत्या जागी आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. जांघ, काख, चेहरा आणि लहान मुले यांची कातडी पातळ असते, औषध तेथे जास्त मुरते. मग कातडी झिजते, रेघा पडतात, चेहऱ्यावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, मुलींच्या गालावर लव वाढते. पडलेल्या रेघा पुसट होतात, पण पुरत्या जात नाहीत. भावजयीच्या अजून आहेत.

आपल्या एकट्याच्या घरचे हे प्रकरण नाही. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर्वी दोन-चार आठवडे साधे मलम लावले की जाणारा हा आजार आता महिनोन्‌महिने रेंगाळतो, घरच्या घरे धरतो. याला कारणीभूत असलेली एक बुरशी इतकी वेगळी निघाली की जपानमधल्या संशोधकांनी २०२० साली तिला स्वतंत्र नाव दिले, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच इंडिया आहे, कारण ज्या रुग्णांत ती सापडली ते भारत आणि नेपाळमधले होते. या बुरशीच्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण आढळले तेव्हा अमेरिकेच्या आरोग्य खात्याने त्याची जाहीर नोंद घेतली. तज्ज्ञ या सगळ्यामागे जी कारणे सांगतात त्यांत अर्धवट इलाज आणि स्टेरॉईड मिसळलेल्या या ट्यूबा फार वर आहेत.

कायदाही झोपलेला नाही, निदान कागदावर. आधी अंगाला लावायच्या स्टेरॉईडना चिठ्ठीच्या नियमातून एक पळवाट होती. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती बंद करून अशी चौदा औषधे शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकताच येत नाहीत. त्याआधी, २०११ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत देशातल्या बारा केंद्रांवरचे चेहऱ्याच्या तक्रारींचे २९२६ रुग्ण तपासले होते. त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टेरॉईड लावत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. शेजारीण, पार्लरवाली, दुकानदार, मामेबहीण यांनी सांगितलेले होते. दुकानदाराला एकट्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. पन्नासची नोट पोराच्या हातात आपण दिलेली असते.

म्हणून घरातली प्रत्येक ट्यूब आज रात्री हातात घ्या आणि नावे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, हॅलोबेटासोल, यांतले एकही नाव दिसले की ते स्टेरॉईड समजावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या, तिचाही फायदा होईल. बहुतेक नावांच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" येते, पण क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल अशी "झोल"वाली नावे बुरशीच्या औषधांची आहेत, त्यांत गल्लत नको. बऱ्याच दिवसांपासून स्टेरॉईड लावत असाल तर एका झटक्यात बंद करू नका. आग, लाली, पुळ्या जोराने उठतात आणि घाबरून माणूस परत तीच ट्यूब धरतो. डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवावे.

आता खरा इलाज. डॉक्टरांनी आमच्या घरातल्या पाचही बाधितांवर एकाच दिवशी इलाज सुरू केला. भावजयीच्या कमरेवरचे खवले काचेवर खरवडून भिंगाखाली पाहिले, ही तपासणी स्वस्त असते आणि पाच-दहा मिनिटांची. ज्यांचा नायटा पसरलेला होता त्यांना पोटात घ्यायच्या गोळ्या, सगळ्यांना निव्वळ बुरशीचे मलम. मलम फक्त चकंदळावर नव्हे, त्याच्या कडेबाहेर बोटभर साफ दिसणाऱ्या कातडीवरही लावायचे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि सगळे साफ दिसू लागल्यावर आणखी निदान दोन आठवडे लावत राहायचे. इथेच बहुतेक माणसे चुकतात. आमचा भाऊ तिसऱ्या आठवड्यात कंटाळला होता, अम्मींनी त्याला रोज इशानंतर ट्यूब हातात ठेवून पाजल्यासारखी लावायला लावली. गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. त्या पोटातल्या इतर औषधांशी भांडू शकतात, काही यकृतावर बोजा टाकतात आणि गर्भवती बाईने तर विचारल्याशिवाय एकही घेऊ नये.

औषधाइतकेच कपड्यांकडे पाहावे लागले. आमच्या दोरीवर टॉवेल दोनच असत, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. लुंगी, टॉवेल, रुमाल, टोपी, कंगवा, हे सगळे ज्याचे त्याचे हवे. नायट्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून कडक उन्हात वाळवावेत आणि इस्त्री असेल तर नाडीच्या, कमरेच्या, काखेच्या शिवणींवर फिरवावी. घट्ट जीन्स आणि चापून बसणारे लेगिंग बुरशीला आवडतात. बुरख्याविषयी इथे एक गोष्ट सांगायला हवी. बुरख्यामुळे नायटा होतो असे कोणी सांगेल तर ते खरे नाही, पण मे महिन्यात पॉलिएस्टरचा जाड काळा बुरखा घालून रोटेगाव स्टेशनपर्यंत जाऊन आल्यावर आतला घामाने भिजलेला कमीज तसाच अंगावर ठेवून स्वयंपाकाला लागणे, हे मात्र नायट्याला आमंत्रण आहे. कापड सुती किंवा हवा जाणारे घ्यावे, घरी आल्यावर आतले कपडे बदलावेत, अंग कोरडे करावे.

पायांचेही तसेच. आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो, ही मोठी नेमत आहे. पण धुतल्यावर ओले पाय तसेच मोज्यांत किंवा रबरी चपलेत घातले की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, लिबलिबीत होते आणि चिरते. चिखल्या त्याच. वुजूत बोटांमध्ये खिलाल करतोच, त्याच्या पाठोपाठ कोरड्या फडक्याने बेचके पुसले की अर्धा आजार टळतो. जखम मोठी असेल आणि डॉक्टरांनी पाणी लावायला मनाई केली असेल तर मसह आणि तयम्मुमची सवलत आहे, आपल्या आलिमांना मसला विचारून घ्यावा. पाण्याच्या भीतीने नमाज सोडणारी आणि नमाजसाठी जखम सडवणारी, दोन्ही तऱ्हेची माणसे आम्ही पाहिली आहेत.

खाजेचा दुसरा मोठा मालक म्हणजे खरूज, आणि तिचा इलाज नायट्याहून अगदी वेगळा. ही बुरशी नाही. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा किडा कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालतो. ओळख सोपी आहे. खाज रात्री, गोधडीत शिरल्यावर वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला, काखेत आणि पुरुषांच्या गुप्तांगावर बारीक पुळ्या येतात. आणि घरात एकापाठोपाठ दुसऱ्याला सुरू होते. वसतिगृहातून किंवा मदरशातून मुलगा ईदच्या सुट्टीला घरी येतो, भावंडांबरोबर एका गादीवर झोपतो, सुट्टी संपून जातो. महिन्याभराने घरच्यांना खाज सुटते तेव्हा कोणाच्याही ध्यानात येत नाही की हे ईदला आले होते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, हे कारण.

म्हणून खरजेत खाज असलेल्या एकालाच औषध लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायचे. पर्मेथ्रिन ५ टक्के हे मलम डॉक्टर देतात. मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, बोटांमध्ये, कुठेही जागा न सोडता लावून आठ ते चौदा तास ठेवायचे आणि सकाळी अंघोळ करायची. आठवड्याने पुन्हा एकदा. अगदी लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना डोक्याला, चेहऱ्यालाही लावावे लागते, ते डॉक्टरांना विचारून. काहींना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात, त्या लहान मुलांना आणि गर्भवतींना सहसा देत नाहीत. त्या सकाळी चादरी, उशांचे अभ्रे आणि मागच्या तीन दिवसांत घातलेले कपडे गरम पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही, जसे जाड गोधडी, ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर ठेवावे. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तगत नाही. ज्या वर्षी टँकरच्या पाण्यावर घर चालते त्या वर्षी धुण्याऐवजी हा पिशवीचा उपाय फार कामाला येतो.

औषध लावल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते, कारण मेलेला किडा कातडीतच असतो. लोकांना वाटते औषध चालले नाही आणि ते रोज मलम चोपडू लागतात. मग औषधानेच कातडी खाजते.

खाजेने माणूस किती बेजार होतो हे नबी करीम (स.) यांनी जाणले होते. पुरुषांना रेशीम मना असताना अब्दुर्रहमान बिन औफ आणि जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांना अंगाच्या खाजेमुळे रेशमी कुरत्याची इजाजत त्यांनी दिली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. अंगाला घासणारा खरखरीत कपडा खाज वाढवतो, मऊ कपडा आराम देतो, हे आजचे डॉक्टरही इसबाच्या रुग्णांना सांगतात. आपण मात्र बाळाच्या अकीक्याला जरीचा टोचरा अंगरखा घालतो आणि बाळ रडले की नजर उतरवतो.

हिवाळ्यात इसब वाढतो. विहीर-बोअरचे जड पाणी, खूप कढत अंघोळ आणि कपड्यांचा साबण अंगाला, या तिन्हींनी कातडीचे तेल निघून जाते. अंघोळीनंतर अंग अर्धवट ओले असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे. टाचांच्या भेगांनाही तेच, रात्री पाय धुऊन, चोळून, सुती मोजे घालून झोपावे. घामोळ्यांना थंड पाणी आणि सैल कपडा पुरतो, पावडरीचे थर नकोत. इतके झाले की यांवर जास्त लिहिण्यासारखे नाही.

शेतात जाणाऱ्यांची एक खाज वेगळी आहे. शिऊर, खंडाळा, महालगाव, कुठल्याही बांधावर पाहा, पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजलेले असते. काही जण त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली. वर्षानुवर्षे ते उपटणाऱ्या काहींना त्याची ॲलर्जी जडते. पापण्या, चेहरा, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घड्या काळ्या, जाड, खाजऱ्या होतात. गवताला हात लावला नाही तरी वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यावर उडून पुरते. उन्हाने काळे पडलो असे समजून लोक वर्षे काढतात. गवत उपटताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंडाला कापड बांधावे. ते फुलावर येण्याआधी काढावे आणि ज्याला एकदा त्रास सुरू झाला त्याला त्या कामाला धाडू नये.

निकाहच्या हंगामात दोन धोके घरात चालून येतात. पहिला काळ्या मेंदीचा. मेंदीच्या पाल्याचा रंग केशरी, तांबूस, फार तर गडद मरून. तासाभरात कोळशासारखा काळा रंग चढवणाऱ्या कोनात बहुधा केसांच्या कलपातले रसायन, पीपीडी, मिसळलेले असते. नवरीच्या हातावर मेंदीच्या नक्षीबरहुकूम फोड आलेले आम्ही पाहिले आहेत. आणि एकदा ही ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर केसांना कलप लावायची सोय राहत नाही.

दुसरा धोका गोरेपणाचा. मुलगी सावळी आहे म्हणून स्थळ परत गेले की अम्मी कुठून तरी बिननावाची डबी आणते. आठ दिवसांत रंग उजळतो. त्यात कधी कडक स्टेरॉईड असते आणि कधी पारा. आपल्या महाराष्ट्रातच, अकोल्यात, २०२२ मध्ये एका तरुण विद्यार्थिनीला, तिच्या आईला आणि बहिणीला एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार झाला. पार्लरमधून आणलेली क्रीम तिघी लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लावला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळच्या कोट्टक्कलमधल्या डॉक्टरांनीही जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक खास प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावल्याचे सांगितले. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळण खराब करतो. पायांना सूज, लघवीला फेस, ही त्याची पहिली लक्षणे असू शकतात. डबीवर कंपनीचा पत्ता, घटक, परवाना नसेल तर ती घरात ठेवू नये, मग ती हज-उमऱ्याहून कोणी प्रेमाने आणलेली का असेना. सावळ्या मुलीला नाकारणाऱ्या घराची डबी लावून मनधरणी करायची आणि वर मूत्रपिंडही गमवायचे, हा सौदा आम्हाला तरी पटत नाही.

पांढऱ्या डागांविषयी आपल्या समाजात जितका गैरसमज आहे तितका कशाचाच नसेल. कोड आणि कुष्ठरोग हे दोन वेगळे आजार. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, त्याला स्पर्श, टोचणी, गरम-गार सगळे कळते, तो कोणाला लागत नाही. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने तो होतो हेही खरे नाही. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटलेली असते. लवकर इलाज सुरू केला तर बऱ्याच जणांत रंग परत येतो, विशेषतः चेहऱ्यावर.

कुष्ठरोगाचा डाग पुरता पांढरा नसतो, तो फिकट किंवा लालसर असतो आणि बधिर असतो. तेथे खाज येत नाही, घाम येत नाही, मुंगी चावलेली कळत नाही. न खाजणारा, न दुखणारा डाग म्हणूनच माणूस त्याकडे पाहत नाही आणि हा खरा घात आहे. याचा इलाज सरकारी रुग्णालयांत मोफत आहे. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या, त्यांना एमडीटी म्हणतात. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. त्याचे ताट वेगळे काढण्याची गरज नाही, सफीत बाजूला उभे करण्याची तर मुळीच नाही. उशीर झाला तर नसा निकामी होतात, बोटे वाकतात, आणि ते मग गोळ्यांनी सरळ होत नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण आहे. १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेदन कायद्यात नवऱ्याला कुष्ठरोग असणे हे बायकोला तलाक मागण्याचे एक कारण होते. हिंदू विवाह कायद्यात आणि इतर कायद्यांतही असेच होते. २०१९ मध्ये संसदेने पाच कायद्यांतून हे कारण काढून टाकले, कारण हा आजार पूर्ण बरा होतो. कायद्याने काढले. मोहल्ल्यातून ते अजून निघालेले नाही. आम्हाला असे एक घर ठाऊक आहे जिथे मुलीच्या पाठीवरचा डाग तीन वर्षे झाकून ठेवला, लग्न मोडेल म्हणून. तो डाग निघाला शिब्याचा, ज्याला पंधरा दिवसांचे औषध पुरे होते.

वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणीला जाता येते, त्वचेचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून जावे. गुंतागुंतीच्या आजाराला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. बायकांनी बाई डॉक्टर मागण्यात काही गैर नाही. त्या नसतील तर सोबत घरची बाई घेऊन, इलाजापुरती जागा दाखवायला शरीअतची मनाई नाही. आणि काही गोष्टींत रांगेचा विचारही करू नये. नवीन गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ आणि तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड आले, तापाबरोबर जांभळे ठिपके उठले, किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची कातडी लाल होऊन लाली तासातासाने वर सरकू लागली, तर रात्र असली तरी निघावे.

आमच्या घरी इलाज साडेतीन महिने चालला. पुतणीचा गाल सगळ्यात आधी साफ झाला, भावाची जांघ सगळ्यात शेवटी. सहा ट्यूबा आपाने डॉक्टरांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकल्या होत्या. अंगणातल्या दोरीवर आता नऊ टॉवेल असतात. सगळ्यांचे रंग सारखेच निघाले, घाऊक घेतले ना, म्हणून अम्मींनी प्रत्येकाच्या कोपऱ्यावर वेगळ्या दोऱ्याचा टाका घातला आहे. पुतणीचा गुलाबी. दुसऱ्या कोणी तो उचलला तर ती अंगणातूनच ओरडते.